पावडरखोलीतल्या बांगड्या

शालनक्का दमली होती. कामानं नव्हे, सांगून सांगून. के. आर. पुरमच्या रेल्वे फाटकापलीकडे सरबताच्या पुड्यांचा कारखाना होता आणि त्यातली पावडरखोली तिच्या ताब्यात होती. पोत्यातलं लिंबूसत चाळायचं, तोलायचं आणि साखरेत मिसळायला पुढे पाठवायचं. दिसायला अगदी पिठीसाखर, पण अंगात खोड्या फार! कोरडं असतं तोवर निमूट. घाम लागला की त्याचं आंबट पाणी होतं आणि कातडी सोलून काढतं. नाकात गेलं की दिवसभर खोकवतं. डोळ्यात गेलं तर विचारूच नका. खायची वस्तू आहे म्हणून काय झालं? मिरचीही खायचीच असते, ती कुणी डोळ्यात घालतं का?

हे सगळं शालन प्रत्येक नव्या बाईला सांगे. तोंडाला फडकं बांधा, चष्मा लावा, हातमोजे कोपरापर्यंत ओढा, सांडलं तर झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. बायका कानडीत "सरी अक्का, सरी अक्का", म्हणजे बरं, बरं, म्हणायच्या आणि तिची पाठ फिरली की चष्मे कपाळावर चढायचे. घामानं काच धुरकटते म्हणे. कुणाकुणाच्या मागे लागणार? ती उसासा टाकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगायची.

एक गोष्ट मात्र ती सांगत नसे. बांगड्या काढा, ही.

बांगड्या आड येतात म्हणून बायका मोजे मनगटाशीच दुमडत, आणि भुकटी नेमकी बांगड्यांच्या आत जाऊन बसे. शालनला ते रोज दिसायचं. पण ती विधवा बाई. भरल्या हातांच्या बाईला तिनं कोणत्या तोंडानं सांगायचं? एकदा सांगितलं होतं, धनलक्ष्मीला. तिनं मुकाट्यानं काढल्याही. आणि महिना सरायच्या आत धनलक्ष्मीचा नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, दुसरं काय! पण हे बायकांना कोण समजावणार? शालन पांढऱ्या पायाची ठरली ती ठरलीच. तोंडावर कुणी काही बोललं नाही. जेवायच्या सुट्टीत डबे घेऊन सगळ्या दुसऱ्या कोपऱ्यात बसायला लागल्या, एवढंच. मग तिनं मॅनेजर रत्नाकरच्या मागे लागून भिंतीवर 'बांगड्या काढा' अशी पाटी लावून घेतली. पाटी कोण वाचतंय!

त्या उन्हाळ्यात भाग्यलक्ष्मी कामाला आली. निपाणीकडची पोर, म्हणजे शालनच्याच मुलखातली. नुकतंच लग्न झालेलं, दोन्ही हातांत गच्च हिरवा चुडा. नवरा पिराजी व्हाइटफील्ड रोडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. संध्याकाळी सायकल घेऊन कारखान्याच्या गेटपाशी हजर. पोरगी गोड आणि भारी बडबडी. "अक्का, जेवलात का?" असं त्या खोलीत विचारणारी ती एकटीच. शालनला तिचा लळा लागला, आणि लळा लागला म्हणून तिचं तोंड आणखीच शिवलं गेलं. पोरीची मनगटं लाल व्हायला लागली तेव्हा "खोबरेल लाव गं रात्री," एवढंच ती म्हणाली. पुढचा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथूनच परत गेला.

व्हायचं ते झालंच. बाटलीबंद थंड पेयं गल्लोगल्ली आल्यापासून पुड्यांचा खप उतरला होता, त्यामुळे मोठी ऑर्डर आली की सगळ्यांना घाई. दुपारी उकाडा मी म्हणत होता. भाग्यलक्ष्मीनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला, आणि बांगड्यांत थापून बसलेली भुकटी थेट डोळ्यात.

"अक्का! मेले गं, अक्का!"

शालननं तिला बखोटीला धरून नळापाशी नेलं. नळाला पाणी होतं, देवाची कृपा. "चोळू नको! उघडा ठेव डोळा, उघडा!" म्हणत तिनं दोन बोटांनी पापण्या फाकवल्या आणि पाण्याची धार धरली. पोरगी तडफडत होती. त्या तडफडीत तिचा हात नळावर आपटला, दोन-तीन बांगड्या फुटल्या आणि काच सोललेल्या मनगटात रुतली. वरून तिथंही तेच लिंबूसत. पोरीनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून मिक्सर चालवणारेसुद्धा धावत आले.

जखम धुवायची तर उरलेल्या बांगड्या निघायला हव्यात. हात सुजलेला, साबण लावूनही एक सरकेना. बांगडी फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं, हे शालनला ठाऊक नव्हतं का? ती मागं वळून ओरडली, "अगं, कुणीतरी सवाष्ण पुढं या! मी नको, तुम्ही काढा!"

सगळ्या तोंडाला पदर लावून उभ्या. नव्या नवरीचा चुडा फोडायला कोण पुढं येणार?

"मरा मेल्यांनो," शालन म्हणाली. तिनं हातावर ओलं फडकं गुंडाळलं आणि नळाखालच्या हौदाच्या कठड्यावर एकेक बांगडी दाबून फोडली. दोन्ही हातांच्या, भुकटी दोन्हीकडे होती. मग काचा वेचून, मनगटं पाण्याखाली धरून, तिनं पुन्हा डोळा धुवायला घेतला. डॉक्टर नंतर म्हणाला, इतका वेळ धुतला म्हणून डोळा वाचला, वरवर सोललाय तो भरून येईल.

भाग्यलक्ष्मी बरी होऊन परत आली ती पॅकिंगमध्ये. तिथं कोरड्या, बंद पुड्या, चुड्याला अडचण नाही. हातात नवा चुडा होता आणि सासूची ताकीद होती, त्या बाईच्या समोर उभं राहायचं नाही. पोरगी शालन दिसली की मान खाली घालून निघून जायची.

शालनला राग आला नाही. राग यायलाही अंगात त्राण लागतं. पण संध्याकाळी सुटायच्या वेळी ती काहीतरी निमित्त काढून गेटपर्यंत जायची. पिराजीची सायकल दिसली, पिराजी दिसला, की तिचा जीव भांड्यात पडायचा. मग ती आपल्या वाटेनं बस पकडायला जायची. हे रोजचं झालं. ती हे कुणाला सांगणार होती?

एक दिवस गेटपाशी पिराजी नव्हता.

भाग्यलक्ष्मी एकटी उभी होती. बाकी बायका पांगल्या. दिवे लागले. शालनची बस आली आणि गेली. दोघी गेटच्या दोन बाजूंना, मध्ये वॉचमन. रस्त्यावरून लॉऱ्या धडधडत जात होत्या, आणि प्रत्येक लॉरीगणिक शालन मान उंचावून रस्त्याकडे बघत होती. देवा, माझा जीव घे, पण त्याला आण, असं ती मनात म्हणत राहिली.

किती वेळानं पिराजी आला, सायकल ढकलत, हात ग्रीसनं काळे.

"चेन तुटली वाटेत. दुकानं बंद..."

"कुठं उलथला होतास रे?" शालन त्याच्यावर अशी धावून गेली की तो दचकून मागे सरला. "पोरगी इथं उभी राहून अर्धी झाली! निरोप देता येत नाही? तुला काही झालं असतं म्हणजे? तुला काही झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं रे!" आणि ती तिथंच गेटच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडायला लागली.

पिराजी बावचळून बायकोकडे बघत राहिला. भाग्यलक्ष्मी हळूच जवळ आली. आज कितीतरी दिवसांनी ती शालनशी बोलत होती.

"अक्का, म्हणजे चुडा फुटला म्हणून ह्यांना काही होईल, असं तुम्हालापण वाटत होतं?"

शालननं पदरानं तोंड पुसलं. खोटं बोलायचंसुद्धा तिला आता जिवावर आलं होतं.

"वाटतं गं," ती म्हणाली. "रोज वाटतं. पण उद्या परत तुझ्या डोळ्यात गेलं, तर परत फोडीन."