इंद्रभानची फौज

रोहिणखेडच्या इंद्रभानला साठी गाठायला दोनच वर्षं उरली होती, आणि हा गडी खेळण्यांशी खेळत होता. लपूनछपून नाही, चांगला ओट्यावर बसून. मिरची-वांग्यांच्या मळ्यातून वेळ उरला की कोणी पत्ते कुटतं, कोणी राजकारण. इंद्रभान लढाया करायचा. लोक हसायचे. तो हसू द्यायचा.

खूळ पोरीनं लावलेलं. लॉकडाऊनमध्ये काजलनं मोबाइलवर कुठंसं वाचलं, की घरात असतील ती खेळण्यांतली माणसं, जनावरं, राक्षस गोळा करायचे, पाच-पाचच्या दोन टोळ्या करायच्या आणि फासा टाकून लढायचं. मगर उडते म्हटलं की उडते, झाड बोलतं म्हटलं की बोलतं. बापलेकीनं पोतं अंथरून काडेपेट्यांचा किल्ला मांडला, निंबाच्या डहाळ्यांचं जंगल केलं, आणि ते दिवस कसे उडून गेले ते कळलंही नाही. मग काजलला नाशिकच्या कंपनीत नोकरी लागली. आता ती सणावारी यायची, पण आली की एक डाव ठरलेला.

यंदा महालक्ष्म्यांना आली आणि दोन दिवस झाले तरी डावाचं नावच काढेना. आईच्या हाताखाली राबता राबता तिला उसंत नव्हती, हे याच्या ध्यानात कुठून यावं? पोरगी मोठी झाली, आता आपल्यासोबत कशाला बसते, या विचारानं त्याला भाकर गोड लागेना. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं स्वतःच पोतं अंथरलं.

काजलनं बॅगेतून डबा काढला. त्यात बोटभर उंचीचे पाच राक्षस, तिनंच रंगवलेले. इंद्रभानच्या फौजेत रबरी मगर, बंदूक तुटलेला शिपाई, जत्रेतला वाघ आणि नुकत्याच झालेल्या पोळ्याचे दोन मातीचे बैल.

पहिल्याच फेरीत काजलचा थोरला राक्षस बैलापासून चार बोटांवर आला. आता वार करणार, तर तिनं त्याला गुमान मागे फिरवलं. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या फेरीत तिचे दोन राक्षस बैलांना वळसा घालायला गेले आणि मगरीच्या तोंडात सापडले. इंद्रभान जिंकत होता आणि त्याचा जीव तिळतिळ तुटत होता. म्हाताऱ्या बापाची कीव येऊन पोरगी मुद्दाम हरते आहे, दुसरं काय!

त्यानं फासा खाली ठेवला. "कटाळा आला असंन तं सांग. मले असं जिंकवू नको."

"कोण जिंकवून राह्यलं तुमाले?"

"मंग माहे बैल काऊन मारत नाही? मघापासून पाहून राह्यलो मी."

काजलनं कपाळाला हात लावला. "बाबा, कुंकू आहे त्यायच्या कपाळाले. आईनं पूजा करून निवद दाखवला त्यायले. त्यायच्यावर राक्षस कसा घालू मी?"

आतून त्याची बायको मनकर्णाबाई बोलली, "पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी म्हनलं होतं, नदीत शिरवून या. पन यायले फौज पाह्यजे होती ना."

इंद्रभान ओशाळला. टोळी भरायच्या नादात त्याला बैल दिसले होते, कुंकू दिसलंच नव्हतं. त्यानं दोन्ही बैल उचलून फळीवर ठेवले, हात जोडले आणि परत येऊन मांडी घातली.

"चुकलं माहं. आता माहे तीन, तुहे तीन. दया केली तं याद राख."

काजलनं दया केली नाही. शिपाई पहिल्याच फाशाला उडवला, वाघाला किल्ल्यामागं कोंडून मारलं आणि उडत्या मगरीला डहाळीत अडकवून अशी आडवी केली, की इंद्रभान बघतच राहिला.

"मगरीले एकटं सोडाची तुमची खोड आहे," ती म्हणाली. "आखाजीच्या सणाले हरली, तवापासून हाच डाव डोक्यात घोळवून राह्यली होती मी."

आखाजीपासून म्हणजे चार महिने झाले. चार महिने पोरगी तिकडं नाशकात बसून त्याच्या मगरीला कसं पाडायचं याचा विचार करत होती. इंद्रभानला भरून आलं, आणि ते लपवायला तो उगाच मोठ्यानं हसला.

शेजारचे गुलाबराव रस्त्यानं चालले होते, ते थबकले. "काऊन बे, जिंकला वाटते?"

"हरलो. पोरीनं चारी मुंड्या चीत केलं."

"मंग दात काऊन काढून राह्यला?"

"पाहुनी असती तं जिंकू दिलं असतं तिनं," इंद्रभान म्हणाला. "घरचीच आहे अजून."