वहीतलं जेवण

"काकू, तुमची वही एक सांगून राहिली अन रक्त दुसरंच सांगून राहिलं," करिश्मा म्हणाली. मी पदर सावरत होते, तो हात तिथेच राहिला.

करिश्मा म्हणजे दवाखान्यात जाड बायकांच्या रक्ताचा अभ्यास करणारी पोरगी. भाजी चिरताना विळी लागलेलं माझं बोट महिना झाला तरी भरेना. ते दाखवायला गेले, तर तिने मलाच अभ्यासात ओढलं. रक्त काढलं आणि तीन दिवस जे जे खाल ते लिहा म्हणून वही दिली. वही पाहून आमचे हे म्हणाले, "एका वहीत मावन काय तुयं खाणं?" जेवायला बसलेली मेसची पोरं हसली. मीही हसले. शहाण्णव किलोच्या बाईला न हसून कसं चालेल!

अमरावतीत आमची मेस आहे, क्लासच्या चाळीस पोरांची. मी रांधते, हे डबे पोचवतात.

करिश्माने कागद पुढे केला. जस्त कमी, सेलेनियमही कमी. तिने मला सोपं करून सांगितलं. अंगात चरबी फार साठली की शरीर आतून गंजायला लागतं, पावसात पडलेल्या लोखंडासारखं. त्या गंजाशी झुंजायला ही खनिजं लागतात, चिमूटभरच, पण रोज. माझी झुंजण्यातच खर्ची पडत होती आणि वरून नवी येत नव्हती. बोट भरत नव्हतं, केस गळत होते, ते बहुतेक यामुळेच.

"वहीत तर रोज डाळ, पालक, मटकी, भाकर, दही," ती म्हणाली. "हे सगळं खाणाऱ्या बाईचं रक्त इतकं रिकामं नसते काकू. तुमी खरंच काय खाता?"

आता सांगणार काय कपाळ! मी वहीत मेसचा फळा उतरवला होता. त्या दिवशी जे रांधलं, ते सगळं. खोटं लिहायचं म्हणून नव्हे हो. मला स्वतःलाच वाटत होतं की मी ते खाते. रांधलं मीच ना.

खरं असं की सकाळी चहात टोस्ट. मग पोरं जेवतात, मग हे जेवतात. पातेल्यात उरते ती तर्री आणि तळाला लागलेला भात, तो मी ओट्याशी उभ्यानेच संपवते. पोट भरत नाही, म्हणून पुन्हा चहा, पुन्हा टोस्ट. ताट वाढून खाली बसले त्याला किती वर्षं झाली, आठवेना.

आणि मग अंजनगावची आई आठवली. शेतातून कितीही उशिरा आले तरी माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं. भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. ती समोर बसायची आणि म्हणायची, "जेव माय." ती गेली त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून कमी खा म्हणणारे रग्गड भेटले, जेव म्हणणारं कुणी भेटलं नाही. त्या पोरीसमोर बसून मी ढसाढसा रडले.

तिने नवी वही दिली. या खेपेला खरं लिहिलं. तिसऱ्या दिवशी ती वही ह्यांच्या हाती लागली. ओट्याजवळ उभं राहून ते वाचत होते. चहा, टोस्ट, तर्री, भात, टोस्ट. पुढची पानं चाळून परत मागे आले. माझा सगळा जीव कानात गोळा झाला होता. आता ‘जेव’ म्हणतील, मला वाटलं. एवढंसं तर म्हणायचं होतं.

"डबे भरले काय?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षा खाली होता, एवढंच. वही ठेवली आणि डबे घेऊन गेले.

मी पातेल्यांची झाकणं काढली. अजून कुणी हात न लावलेल्या पालकातून, डाळीतून माझं ताट वाढलं. वर दुसरं ताट झाकलं आणि खाली मांडी घालून बसले, गुडघे कुरकुरले तरी. पोरं जिना चढत होती. थांबतील पाच मिनिटं.

झाकण काढलं. "जेव माय," मी म्हटलं.

आईसारखं काही जमलं नाही. तरी जेवले.