पेडलमधला धूर

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मी गल्ली कुंपणाला चिकटून उभी होती, निम्मी घरच्या लॉन्ड्रीच्या पायऱ्यांवर, आणि सगळ्यांचे डोळे माझ्या धाकट्या भावाच्या जुन्या पिकअपवर होते. भाऊ याच गाडीत गेला. दवाखान्याच्या चादरी पोचवून आला, स्टिअरिंगवर डोकं टेकलं, ते परत उचललंच नाही. आता त्या सीटवर त्याची बायको बसली होती. तिचा हात किल्लीवर होता.

"फिरव," गाडीपाशी उभा असलेला झोळीवाला मांत्रिक बाबा म्हणाला.

तिने किल्ली फिरवली. बॉनेटखाली नुसतं 'टक' झालं. मग अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलपाशी, जिथे माझ्या भावाचा पाय असायचा तिथून, धुराची बारीक रेघ वर आली. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. गर्दी मागे सरकली, आणि खरं सांगते, मीही सरकले.

"पाय अजून तिथंच आहे त्याचा," बाबा हळूच म्हणाला. "बायकोने किल्लीला हात लावला की जळतो बिचारा."

मग त्याने सगळ्यांना पाठ फिरवून डोळे मिटायला लावले. आत्म्याला म्हणे लाज वाटते. माझा भाऊ जन्मभर गल्लीत बनियनवर हिंडला, त्याला मेल्यावर लाज सुचली. बॉनेट उघडल्याचा आवाज आला, काहीतरी पुटपुटणं झालं, आणि बाबाने डोळे उघडायला सांगितले. इंजिनावर लाल कापडात गुंडाळलेलं जाडजूड 'बंधन' पडलं होतं. "आता फिरव." गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. लोकांनी हात जोडले.

बाबाने इंजिन बंद करायला लावलं आणि बंधन काढून झोळीत टाकलं. "मी रोज किती बांधू? त्याला रक्ताचं माणूस हवंय. पोरीला माझ्याकडे राहू दे. तो शांत झाला की ती परत येईल. संध्याकाळी न्यायला येतो."

पोरगी, माझी नऊ वर्षांची भाची, दारात उभी होती. तिच्या पायाशी भरलेली पिशवी होती.

मी तिच्या आईला इस्त्रीच्या खोलीत ओढत नेलं. न पोचवलेल्या चादरींची गाठोडी छतापर्यंत गेली होती.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पोर देतेस?"

"वन्सं, तुम्ही धूर पाहिलात ना?"

"धूर पाहिला. तुझा नवरा नाही पाहिला."

ती रडायला लागली. मला तिचा राग आला होता आणि तिची कीवही येत होती. मी तंत्रशाळेत गाड्यांची दुरुस्ती शिकवते. तिथे पोरांना पहिला प्रश्न विचारायला लावते, तोच तिला विचारला. "आधी काय होत होतं?"

"कुरकुरायची. पण सुरू व्हायची. तेवढ्यासाठीच तर बाबांना बोलावलं."

"आणि धूर?"

"तो नव्हता. बाबांनी शुद्धी केली, त्यानंतर..." ती थबकली.

"त्यानंतर तू बॉनेट उघडून पाहिलंस?"

"नाही हो. ह्यांनी कधी कुणाला बॉनेटला हात लावू दिला? आता ह्यांच्यामागे कसा लावू?"

हीच ती चूक. माणूस गेला, त्याचा हट्ट या घराने जपला, आणि बॉनेट एका परक्या माणसाच्या ताब्यात गेलं.

संध्याकाळी बाबा आला, मागे गर्दी. त्याने पिशवीला हात घातला.

"थांबा," मी म्हटलं. "जायच्या आधी माझंही बंधन बघा. डोळे मात्र कुणी मिटायचे नाहीत."

"कोप होईल," बाबा म्हणाला.

"होऊ दे. मी त्याची थोरली बहीण आहे. लहानपणी पुष्कळदा बदडलाय त्याला."

मी बॉनेट उघडलं. शेजाऱ्याच्या गाडीतली जंप केबल, म्हणजे दोन्ही टोकांना चिमटे असलेली जाड तार, घेतली, तिचं एक टोक गाडीच्या पत्र्याला लावलं, दुसरं इंजिनाला. "फिरव गं." गाडी सुरू झाली. केबल काढली आणि पुन्हा फिरवायला लावली. टक, आणि पेडलमधून धूर.

"इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरला फार मोठा करंट लागतो," मी सगळ्यांना सांगितलं. "तो परत जातो इंजिन आणि पत्रा जोडणाऱ्या या जाड अर्थिंगच्या पट्टीतून. ही वाट बंद झाली की तो सापडेल त्या वाटेने घुसतो. इथे त्याला पेडलची बारीक तार सापडली. ती तापते, तिचं प्लास्टिक जळतं. यात कुणाचा पाय नाही."

पट्टीचा बोल्ट खोलला. तिच्या टोकाला खालून-वरून सायकलच्या ट्यूबचं रबर होतं, बोल्टवरही रबराची नळी चढवलेली. सगळं इंजिन काळंकुट्ट, आणि रबर कोरं करकरीत. मग मी बाबाच्या झोळीतलं बंधन काढून लाल कापड फाडलं. आत तांब्याची जाड केबल निघाली, दोन्ही टोकांना चिमटे, मी लावली होती तशीच.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. बाबा मात्र ढळला नाही. तो माझ्या भावजयीकडे बघत शांतपणे म्हणाला, "गाडी चालली, ठीक आहे. उद्या पोरगी आजारी पडली तर?"

मघाशी कुजबुजणारेही खाली बघायला लागले. तेवढ्या वेळात मला त्या धुरापेक्षा जास्त भीती वाटली.

भावजय गाडीतून उतरली आणि त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. "आजारी पडली तर डॉक्टरकडे नेईन," ती म्हणाली. "तुम्ही निघा."

तो निघाला, आणि कुणी त्याला अडवलं नाही. हेही आपलंच पाप. आज तो दुसऱ्या कुठल्या गल्लीत असेल, दुसऱ्या कुणाला डोळे मिटायला सांगत असेल. म्हणून हात जोडून सांगते, कुणी डोळे मिटा म्हणालं की तेव्हाच नीट उघडे ठेवा.

रात्री मी भावजयीने भरलेली ती पिशवी रिकामी केली. दोन फ्रॉक, दात घासायचा ब्रश, आणि तळाशी लोकरीचा स्वेटर निघाला. थंडीला अजून चार महिने होते.