नमः शिवाय, म्हणजे पंखा बंद कर

चहात साखर नाही.

पंखा बंद कर.

परकराची नाडी काचतेय.

टीव्हीवरचा तो माणूस खोटं बोलतोय.

रोहितदादाचा फोन आला का?

यातलं प्रत्येक वाक्य माझी आई या महिन्यात बोलली आहे आणि प्रत्येक वेळी तिचे शब्द एकच होते: नमः शिवाय. मेंदूचा झटका आला, उजवा हात गेला, भाषा गेली. एवढं उरलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. कुणाकुणाच्या तोंडात एखादी शिवीच उरते.

शिवी उरली असती तर बरं झालं असतं. दर्शनाला कुणी आलं नसतं.

वरच्या मजल्यावरच्या चंचलबेननी व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: नीलाबेनवर महादेवाची कृपा. झालं! पर्वत पाटिया भागातल्या आमच्या दोन खोल्यांबाहेर चपलांचा ढीग. गणिताच्या बाईंच्या पायाशी नारळ. नुसतं उत्तर लिहिलं म्हणून पोरांचे मार्क कापणारी ही बाई!

तिला पुन्हा बोलायला शिकवण्यासाठी वैशाली यायची. बाबांनी तिला दारातूनच परत पाठवलं.

"का?"

"अगं ऋचा, नवे शब्द आले आणि नाम सुटलं तर?"

"बाबा, तिला पाणी मागता येत नाही!"

"लोक जन्मभर साधना करतात, तरी शेवटी ओठावर नाम येत नाही."

"शेवटी? कुणाचा शेवट?"

बँकेत असताना फाइल मिटायचे तसं बाबांनी वर्तमानपत्र मिटलं. म्हणजे निर्णय झालेला होता.

श्रावणी सोमवार. खोलीभर बायका, मधे खुर्चीत आई. ती म्हणाली, नमः शिवाय. बायका म्हणाल्या, नमः शिवाय. ती मोठ्याने. त्या तिच्याहून मोठ्याने. तिने डावा हात खुर्चीवर आपटला, त्यांना ताल मिळाला. मी प्रसादाचं ताट टाकून स्वयंपाकघरातून धावले, पण घोळक्यातून कुणी वाट देईना. भक्तीत होत्या ना.

साडीखालून ओघळ फरशीवर आला, तेव्हा आवाज थांबला.

"कंई वांधो नहीं," काही बिघडलं नाही अशा सुरात चंचलबेन म्हणाल्या. "भाव आवी गयो."

"भाव नाही, लघवी! ती ओरडून सांगत होती आणि तुम्ही मागे कोरस धरलात. उठा. सगळ्या उठा."

"बेटा, मंत्र सामे आवुं नहीं बोलाय." मंत्राविरुद्ध असं बोलू नये म्हणे.

"कसला मंत्र? समोरची बाई काय म्हणतेय ते कळत नाही तुम्हाला, आणि देवाला तुमचं कळावं?"

कुणीतरी जाता जाता म्हणालं, पोरगी फार शिकली.

आईला धुतलं, कोरडी साडी नेसवली. मग बाबांच्या समोर बसून वैशालीला फोन लावला, स्पीकर चालू ठेवून.

"येते ना, ताई. पहिला शब्द कुठला घेऊ या? पाणी? चहा?"

मी आईकडे पाहिलं. ती नारळांकडे बघत होती.

"'नको' हा शब्द घ्या," मी म्हटलं. "आधी तिला 'नको' म्हणता येऊ दे."

"नमः शिवाय," आई म्हणाली. अगदी हळू, बाबांकडे बघून.

बाबांनी हात जोडले नाहीत. नारळ उचलून ते एकेक करून बाल्कनीत ठेवू लागले.

झटका आला त्या सकाळी बाबा 'नमः शिवाय'च्या जपाला बसले होते. आईने आतून दोनदा हाक मारली होती. माळ पूर्ण करून ते उठले, असं त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं.