केशराची वाटी

सुनेचं नाक तापात गेलं, वास कळेनासा झाला, ते परत आलंच नव्हतं. ती हॉटेलात आचारी. संध्याकाळपर्यंत मालकाला कळवायचं होतं, कामावर येते की दुसरी बाई घेता.

म्हणून तिने घरीच केशराचा रिसोटो, तो इटालियन मऊसर भात, करायला घेतला.

"केशराचा वास आला तर जाते, आई. नाही आला तर विषय संपला. आणि तुम्ही नुसत्या बसा हं, कशाला हात लावू नका."

सासूबाईंचा जन्म कॅन्टीनची भांडी विसळण्यात गेलेला. खरकटं भांडं दिसलं की हात शिवशिवायचे. सून लोण्यावर कांदा, मग तांदूळ परतत होती, डावाने उकळतं सूप घालत होती. बेसिनजवळ एका वाटीत तळाशी पिवळं पाणी होतं. सासूबाईंनी ते ओतलं आणि वाटी घासलीसुद्धा. मग केशराच्या काड्या बेसिनच्या जाळीत अडकलेल्या दिसल्या.

घरात तेवढंच केशर होतं.

सांगायची लाज वाटली. हाताला हळदीचा डबा लागला. गरम पाण्यात चिमूटभर कालवून त्यांनी वाटी जागेवर ठेवली.

सुनेने ढवळता ढवळता, न बघताच ती भातात उलटी केली. गॅस बंद करून लोणी, चीज घातलं. चमचा तोंडात घेतला आणि थांबली.

"नाही हो आई. मातीसारखा, कडवट वास येतोय. केशर कुठेच नाही. गेलंय माझं नाक."

तिने डोळे पुसले आणि फोन उचलला.

सासूबाईंना धरणी दुभंगावी असं वाटलं. गप्प राहिलं तर अब्रू राहत होती.

"ठेव तो फोन," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "हळद आहे ती. केशर मी धुऊन टाकलं."

"काय?"

"खरकटं वाटलं गं. मग लपवलं."

सून पुन्हा भाताकडे वळली. तिने आणखी एक चमचा खाल्ला, डोळे मिटून, सावकाश.

"हळदच," ती पुटपुटली. "अहो, हळदच आहे! कळलं मला! म्हणजे नाक आलंय परत!"

ती हसत फोन लावायला गॅलरीत गेली. सासूबाई मात्र मान खाली घालून उभ्या होत्या. समोर सुपाचं पातेलं खरकटं पडलं होतं, पण त्याला हात लावायचा धीर होईना.