फुकट फिरणाऱ्या चाकातला चुंबक

मी चुंबक बोलतोय. जरा जवळ येऊन ऐका, कारण माझा मुक्काम सध्या एका मोटरच्या पोटात आहे आणि आवाज बाहेर पडायला हवेसाठी ठेवलेल्या दोन फटींएवढीच वाट आहे. खिशात किल्ल्या असतील तर मात्र लांब ठेवा. मला राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. काळी भुकटी साच्यात दाबली, भट्टीत भाजली आणि झाला माझा ठोकळा. तोवर मी कोणाच्या अध्यात ना मध्यात. मग तारेच्या एका वेटोळ्यात ठेवून क्षणभर वीज सोडली आणि माझ्या अंगात जी ओढ शिरली, ती आजतागायत निघालेली नाही. माझी आणि माझ्या भावाची नेमणूक झाली ती शिलाई मशीनच्या एका छोट्या मोटरमध्ये.

ती मोटर एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसानं आपल्या बहिणीसाठी घेतली. बहीण घरी पडदे शिवते. पायानं मशीन चालवून चालवून बाईंचे गुडघे गेले होते. उठताना टेबल धरायच्या आणि कोणी पाहिलंच तर "काही नाही, मुंग्या आल्यात" म्हणायच्या. भावानं मोटर आणली आणि मानानं बहिणीच्या नवऱ्याच्या हातात दिली. "भावोजी, एवढी बसवून द्या. तुम्ही घरात असताना मी कशाला पान्याला हात लावू?"

इथेच घोटाळा झाला. हे भावोजी म्हणजे आमचे मिस्तरी. लाउडस्पीकर दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. रस्त्यानं वाजत जाणाऱ्या स्पीकरचा कागद फाटलाय की तार ढिली झालीये, हे ते घरात जेवताजेवता सांगत. पण हल्ली स्पीकर बिघडला की लोक टाकून देतात आणि नवा आणतात. दुकान बंद झालं, मिस्तरी घरी बसले आणि रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावू लागला.

मोटर हातात घेऊन ते म्हणाले, "वीज कशाला जाळायची? चुंबकात ताकद आहेच की. ती संपतही नाही. नुसती गोल फिरवली की मशीन जन्मभर फुकट चालेल." आणि चांगली चालणारी मोटर उघडून त्यांनी आम्हा दोघा भावांना बाहेर ओढलं. मोटर बसवायला दिली होती, हे त्यांना त्या क्षणी आठवलंच नाही.

एका जुन्या सायकलचं लहानसं चाक, त्याच्या कडेला आम्ही आणि जुन्या स्पीकरमधले म्हातारे चुंबक, सगळे तिरके चिकटवलेले. शेजारच्या खांबावर एक दांडगा चुंबक. तो आम्हाला एकामागून एक पुढे ढकलणार आणि चाक फिरत राहणार, अशी योजना. मिस्तरींनी चाकाला एक टिचकी दिली. फिरलं. मिस्तरी हसले. आणि चाक थांबलं.

आता मला विचारलं असतं तर मी आधीच सांगितलं असतं. चुंबकाची ओढ म्हणजे प्रेमळ मावशीचं घर. जाताना पाय आपोआप भराभर पडतात, पण निघताना ती हात सोडत नाही. मी त्या दांडग्याजवळ येताना जेवढा धावत यायचो, तेवढाच पुढे जाताना अडकायचो. जे दिलं ते सगळं परत घेतलं, वर आसाला घासून थोडं गेलं ते वेगळंच. मिस्तरींनी कोन बदलले, अंतरं बदलली, खांब वाकडा केला, सरळ केला. दर वेळी घोडं तिथंच पेंड खायचं. मिस्तरी टिचकी द्यायचे, चाक दोन-चार फेरे मारायचं आणि येरे माझ्या मागल्या.

मग एक चमत्कार झाला. मिस्तरी चाक फिरवून अंघोळीला गेले आणि परत येऊन बघतात तर चाक फिरतंच आहे. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन आले, तरी फिरतंय.

चमत्कार बाईंचा होता. मिस्तरी बाहेर पडले की चाक थांबायचं, आणि न्हाणीघराची कडी किंवा जिन्यात त्यांची पावलं वाजली की बाई हातातलं काम ठेवून, टेबल धरून उठायच्या आणि कोपरानं आम्हाला ढकलायच्या. दुकान गेल्यापासून हा माणूस पहिल्यांदा शीळ घालत जिना चढत होता, ती शीळ बंद पडू नये एवढंच त्यांना हवं होतं. मिस्तरींनी लपवलेलं मोटरचं रिकामं टरफल त्यांना बटणांच्या डब्यात कधीच सापडलं होतं. त्यांनी ते बटणांखाली आणखी खोल दडवलं आणि मूग गिळून बसल्या. माझं कोणी ऐकणारं असतं तर ओरडलो असतो, पण माझी सगळी अक्कल ओढण्यात.

मिस्तरींना मात्र एक कोडं सुटेना. ते नसताना फिरणारं चाक ते समोर बसले की थांबायचं. विचार करकरून त्यांनी शोध लावला. "माणसाच्या रक्तात लोह असतं," ते बाईंना म्हणाले. "मी जवळ बसलो की माझ्या रक्ताकडे ह्याची ओढ जाते."

"मग माझ्या रक्तात नाही का?" बाईंनी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले नव्हते का, तुझ्यात लोह कमी आहे?"

मिस्तरींनी त्या दिवसापासून पालेभाजी सोडली.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला, मोटर कशी चालतेय विचारायला. आता खरं सांगून मोकळं व्हायचं, तर मिस्तरी म्हणाले, "मोटर काय घेऊन बसलास? त्याच्या वरचढ काम झालंय. रविवारी ये आणि डोळ्यांनी बघ."

रविवारी मेहुणा आला. मिस्तरींनी पायानं मशीन फिरवायचा पट्टा आदल्या दिवशीच काढून टाकला होता आणि आमच्या चाकावरून दुसरा पट्टा मशीनला जोडला होता. मेहुण्याची खुर्ची त्यांनी लांब दाराशी ठेवली. "तू धट्टाकट्टा आहेस, लोह भरपूर. तिथूनच बघ." मेहुण्यानं एकदा बहिणीकडे पाहिलं. बाई पडद्याचं लांबलचक कापड मांडीवर घेऊन मशीनशी बसल्या होत्या आणि कापड पार जमिनीपर्यंत लोळत होतं.

मिस्तरींनी टिचकी दिली. माझा जीव टांगणीला लागला. अडकायची जागा जवळ आली, आता थांबणार, आता शोभा होणार. आणि आम्ही थांबलोच नाही. मशीनची सुई खटखट पडू लागली, कापड सरकू लागलं.

भाऊ येण्याआधी, मिस्तरी चहाला दूध आणायला गेले असताना, बाईंनी पायाचा जुना पट्टा गुपचूप परत चढवला होता. लोळत्या कापडाआड त्या पाय मारत होत्या. मशीन आम्ही फिरवत नव्हतो, मशीनच आम्हाला फिरवत होतं.

मेहुण्यानं आ वासला. "भावोजी, हे चालतंय की."

"मग? मी काय सांगत होतो?"

"किती वेळ चालतं?"

"कायम," मिस्तरी म्हणाले.

"मग हा पडदा पुरा होऊ दे. मी बसतो." मेहुण्यानं चहात बिस्किट बुडवलं आणि पाय पसरले.

पडदा सभागृहाचा होता. शिवण संपता संपेना. मेहुणा लिफ्टला असं चाक लावायच्या गोष्टी करू लागला, मिस्तरीही रंगात आले. मी मात्र वरून बघत होतो. बाईंच्या कपाळावर घाम जमला, ओठ घट्ट मिटले, एक हात टेबलाच्या कडेवर गेला. मला वाटलं, मी कसला ताकदवान, ह्या बाईच्या गुडघ्यांवर चैन करणारा ऐतखाऊ.

तेवढ्यात मिस्तरी बोलताबोलता थांबले. त्यांनी मान वाकडी केली. फाटका स्पीकर ऐकताना करायचे तशी. सुईच्या खटखटीखाली एक बारीक कुई, कुई येत होती. मशीनच्या पायपट्टीची ती कुरकुर त्यांच्या चांगल्याच ओळखीची होती. "उद्या तेल घालतो" असं ते बाईंना कितीतरी दिवस सांगत आले होते.

त्यांनी कापडाकडे पाहिलं, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. मेहुणा कौतुकानं बघतच होता. गप्प राहिले असते तर त्या दिवशी त्यांच्याइतका मोठा माणूस नव्हता. मिस्तरी उठले, चाकापाशी आले आणि दोन्ही हातांनी त्यांनी आम्हाला धरून थांबवलं. जन्मल्यापासून ह्या चाकाला सगळ्यांनी ढकललंच होतं. थांबवावं लागलं ते पहिल्यांदाच.

"हे चालत नाही," ते मेहुण्याला म्हणाले. "कधीच चाललं नाही. तुझी ताई चालवतेय. तू दिलेल्या मोटरचा मी खुळखुळा केला."

मग बाई म्हणाल्या, "टरफल बटणांच्या डब्यात आहे. सांभाळून ठेवलंय."

मिस्तरी खाली बसले आणि बायकोचे गुडघे चोळू लागले. मेहुणा दोघांकडे पाठ करून उगाचच दाराची कडी तपासत राहिला.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघे भाऊ मोटरमध्ये परत आलो. घाईत मिस्तरींनी माझ्या भावाला उलटा बसवला, मोटर नुसतीच गुरगुरली. मेहुण्यानं ते ओळखलं, पण चूक मिस्तरींनाच सापडू दिली.

आता मी जागचा हलत नाही. मधला दांडा फिरतो, वीज आपलं काम करते आणि मी माझं. ते चाक भिंतीवर टांगलंय, त्याच्या चुंबकांना सुया आणि कात्री चिकटलेली असते. पडद्यांना कड्या लावायचं काम मिस्तरी करतात. पायपट्टीला त्यांनी तेलही घातलं, आता तिच्यावर कोणी पाय ठेवत नसलं तरी.

एकच सांगणं आहे. तुमच्या घरात एखादी गोष्ट बिनबोभाट, फुकट आणि कायम चालताना दिसली, तर एकदा वाकून टेबलाखाली बघा.

मिस्तरींची खोड गेलेली नाही. कालच भिंतीवरच्या चाकाकडे बघत म्हणाले, "तो दांडगा चुंबक जरा तिरका लावला असता ना..."

"अहो, आधी बटण बंद करा," बाई म्हणाल्या. "पडदा झाला." आणि टेबल न धरता त्या उठल्या.