लेनोरा क्विंबीची एकोणीस कार्डं

धक्क्यावरच्या कुंपणाला, बुडवलेला पिंजरा कुठे आहे ते दाखवणारे दीडशे बोये टांगले होते आणि दीडशेच्या दीडशे पांढरे. बाकीच्यांचे बोये कधीच रंगून, वाळून, पिंजऱ्यांना बांधून झाले होते. शेवंडांचा हंगाम दोन दिवसांवर आलेला. आमच्या हॅडॉक बेटावर सगळ्यांचे पिंजरे एकाच दिवशी पाण्यात पडतात. एकाचीही तयारी राहिली असेल, तर कुणीच टाकत नाही. अख्खं बेट थांबतं. ह्या वेळी ते थांबणार होतं माझ्या भाचीसाठी. रोवेनासाठी.

"पोरी," एल्ब्रिज म्हणाला. तो आमच्यातला सगळ्यात जुना कोळी. "शेवंडं काय रंग बघून पिंजऱ्यात शिरतात होय? फास लाल काहीतरी, आणि चल."

"लाल ज्युएटांचा आहे."

"मग निळा."

"निळा तुमचा आहे, एल्ब्रिजकाका."

"एवढं कळतं ना? मग तुझा कुठला?"

तेच तर ठाऊक नव्हतं. इथे प्रत्येक घराचे बोये वेगळ्या रंगाचे. बापाचा रंग लेकाला जातो, नाव जातं तसा. आमच्या घराचा रंग माझ्या आजोबांबरोबर, एमसबरोबर, सोळा सालच्या वादळात गेला. आजीने उरलेले बोये चुलीत घातले आणि घरातल्या कुणाला पुन्हा होडीत पाय ठेवू दिला नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी पहिली निघाली ती ही रोवेना.

माझी आई हुल्डा, एमसची मुलगी, तेव्हा चार वर्षांची होती. बापाचा चेहरा तिला आठवत नाही, फोटो एकही नाही. हंगामाचा परवाना आला त्या दिवशी ती रोवेनाला एवढंच म्हणाली, "माझ्या बापाचा बोया मला एकदा पाण्यावर बघायचाय गं." मग काय! रोवेना हटूनच बसली. दुसरा कुठलाही रंग लावायचा नाही.

बेटावर पोरी दोरीवर उड्या मारताना एक गाणं म्हणतात. आईही म्हणायची, मीही म्हटलं.

लाल टोपी ज्युएटची, पाण्यावरी डोलते,
पिवळी शेंडी स्टॅनलीची, उन्हासंगे बोलते...

असं घरामागून घर, रंगामागून रंग. आमच्या घराची ओळ आली की आजी रंग गिळून नुसती गुणगुणायची: हंऽहं हंऽहं एमसची, दुरूनच कळते. रंगाचं नाव तिच्या ओठांवर पुन्हा आलं नाही. तिचं बघून साऱ्या बेटाने तिथे गुणगुणायला सुरुवात केली. आजही पोरी त्या ठिकाणी हंऽहं हंऽहंच करतात आणि का करतो ते त्यांनाही ठाऊक नाही.

बेटाचं टपाल माझ्याकडे असतं. त्या गुरुवारी टपालात मुख्य भूमीवरच्या कॉलेजचं पत्रक आलं. 'चित्रकार लेनोरा क्विंबी यांची खासगी कागदपत्रं अभ्यासकांसाठी खुली. चौदा पेट्या.' मी पत्रक घेऊन धावतच घरी गेले. लेनोरा क्विंबी! न्यूयॉर्कची बाई, चौकोन आणि पट्टे रंगवून मोठी झालेली. तीन उन्हाळे ती आजोबांच्या घरी, वरच्या खोलीत राहिली होती. शेवटचा उन्हाळा सोळा सालचा.

"आई, कोट घाल," मी म्हटलं.

"कुणी मेलं का?"

"नाही गं. कदाचित कुणीतरी सापडेल!"

शुक्रवारी सकाळी सातच्या टपालबोटीने आम्ही तिघी निघालो. परतीची बोट तीनला. कॉलेजात आधी हात धुवायला लावले, पिशव्या कपाटात ठेवल्या, पेनं काढून घेतली आणि हातात पेन्सिली दिल्या. तिथली कागदपत्रं सांभाळणाऱ्या मिस टॅपली तरुण होत्या, नाकावर चष्मा, आवाज इतका हळू की आईने दोनदा विचारलं, "ह्यांना घसा बसलाय का?"

"चौदा पेट्या आहेत," मिस टॅपली म्हणाल्या. "एका वेळी एकच फाइल मिळेल. काय शोधताय?"

"रंग," रोवेना म्हणाली.

त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. "सहावी पेटी. 'अमूर्त रंगाभ्यास, एकोणीस कार्डं, १९१५-१६. विषय नाही.'"

फाइल उघडली. पत्त्याच्या पानाएवढी, जाड कार्डं. पहिल्यावर वर लाल अर्धगोल, खाली पांढरं. नाव नाही, गाव नाही. आईने ते नाकाशी नेलं आणि शांत खोलीत दणदणीत आवाजात म्हणाली, "अगं बाई! हा तर ज्युएट!"

शेजारच्या टेबलावरचे एक प्राध्यापक दचकले. "माफ करा, त्या कार्डावर मी चाळीस पानं लिहिली आहेत. ते माणसाच्या एकाकीपणाचं चित्र आहे."

"एकाकीपण?" आई म्हणाली. "ज्युएटचं? अहो, त्याला अकरा मुलं होती!"

रोवेनाने दुसरं कार्ड उचललं. पांढऱ्यावर पिवळं टोक. "पिवळी शेंडी स्टॅनलीची!" मग तिसरं, चौथं. आई गाणंच म्हणू लागली. ओळ संपली की कार्ड पडे, कार्ड पडलं की ओळ सुटे. मिस टॅपलींनी ओठांवर बोट नेलं, पण ते तिथेच राहिलं आणि बघता बघता त्या टेबलावर ओणवल्या. प्राध्यापक खुर्ची ओढत जवळ आले. "म्हणजे ही... ही माणसं आहेत?"

"घरं आहेत," मी म्हटलं. "सगळं बंदर आहे हे. बाईंनी खिडकीत बसून बंदर मोजलंय!"

सतरा कार्डं ओळखली. उरली दोन. एक हिरवं, मध्ये तांबडी रेघ. दुसरं पांढरं आणि मध्यावर जांभळी पट्टी, अशी जांभळी की आमच्या बेटावर लायलॅकच्या झुडपाखेरीज कुठे दिसायची नाही. गाण्यात दोन्ही नव्हती.

"दोन्हींतलं एक आपलं," रोवेना कुजबुजली. "आजी, आठव ना. हिरवं की जांभळं?"

आईने डोळे मिटले. "मी चार वर्षांची होते गं सोने. मला त्याच्या बुटांचा वास आठवतो. बोया नाही आठवत." आणि मग अगदी हळू म्हणाली, "चुकीचा रंग पाण्यात सोडला, तर बाप पुन्हा हरवेल."

भिंतीवर साडेबारा झाले होते.

"पत्रं!" मिस टॅपली एकदम मोठ्याने बोलल्या आणि स्वतःच दचकल्या. "बहिणीला लिहिलेली पत्रं नवव्या पेटीत आहेत. सोळा सालची!" त्या अक्षरशः पळत गेल्या. त्या खोलीत आजवर कुणी पळालं नसावं.

पत्रं पन्नासेक होती. एका वेळी एक फाइल हा नियम मिस टॅपलींनीच मोडला. एक गठ्ठा मला, एक रोवेनाला, एक प्राध्यापकांना. एक गठ्ठा त्यांनी स्वतः घेतला. बाईंचं अक्षर म्हणजे वाऱ्यात वाकलेलं गवत. मासळीचं कालवण, ओली अंथरुणं, धुकं, डास, पुन्हा धुकं. सव्वा वाजला. दीड.

"मिळालं," प्राध्यापक म्हणाले. "वाचू का?"

"नाही, मुरवत ठेवा!" आई ओरडली. "वाचा की हो!"

त्यांनी वाचलं. "'आज एमसने माझ्याकडे जांभळ्या रंगाची नळी मागितली. म्हणाला, लाल, पिवळा, हिरवा, काळा, सगळे रंग लोकांनी वाटून घेतलेत. जांभळा कुणाकडेच नाही, कारण तो दुकानात मिळत नाही. मी म्हटलं, शेवंडांसाठी एवढा उंची रंग? तो म्हणाला, शेवंडांनी हलके रंग पुष्कळ बघितलेत. दिली मी नळी. माझी चित्रं भिंतीवर टांगतात, पण माझा रंग समुद्रावर पहिल्यांदाच तरंगणार आहे. त्याचं कार्ड रंगवत होते, तेवढ्यात धाकट्या हुल्डाने येऊन ओल्या पट्टीवर अंगठा दाबला. आता त्यावर सही झाली. मी ती पुसणार नाही.'"

मिस टॅपलींनी यादी उघडली. त्यांच्याच हातची नोंद होती: 'कार्ड क्रमांक अठरा. पट्टीवर खाली डाग. खराब.'

त्यांनी कार्ड खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. डाग नव्हताच तो. वाटाण्याएवढा अंगठा, त्यावर केसाएवढ्या बारीक रेषा, सगळ्या जागच्या जागी.

आईने आपला ब्याऐंशी वर्षांचा अंगठा त्याच्या शेजारी धरला. टेकवला नाही. नुसता धरला.

"हात धुतलेत मी," ती मिस टॅपलींना म्हणाली.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

पण कार्ड तर बाहेर नेता येत नाही आणि झेरॉक्समध्ये जांभळा काळा होतो. रोवेना तोवर दारातून सटकली होती. दहा मिनिटांत धापा टाकत परतली ती कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगांच्या नमुन्यांचा जुडगा घेऊन. कागदाला तर बंदी नव्हती! एकेक नमुना कार्डाशेजारी ठेवला. हा फार निळा. हा फार गुलाबी. हा पाद्र्याच्या झग्यासारखा. सत्ताविसाव्याला चौघंही एकदम "हाच!" म्हणालो. चौघं म्हणजे प्राध्यापक धरून. आई तेवढी कार्डाकडेच बघत होती.

दुकानदाराने डबे भरताना विचारलं, "बाई, बाळाची खोली रंगवायची का?"

"नाही," रोवेना म्हणाली. "समुद्र!"

तीनची बोट आम्ही पळत पकडली, मध्ये आई, दोन्हीकडून आम्ही, आणि प्राध्यापक डबे उचलून मागून.

शनिवारी बेटावर एकही पिंजरा पाण्यात पडला नाही. कुरकुर मात्र पोटभर झाली. "भरती सोन्यासारखी गेली," "वारा कसा पडलाय बघा," "आमच्या वेळी पोरी विणकाम करायच्या." असं म्हणत म्हणत एकेक जण ब्रश घेऊन आला. दीडशे बोये, तेवीस माणसं. एल्ब्रिज सगळ्यात आधी आलेला. पहिला पट्टा ओढून त्याने ब्रश नाकाशी नेला.

"हे बोये काय लग्नाला निघालेत?"

"तुम्हाला बोलावणं नाही," आई म्हणाली. "आणि एल्ब्रिज, ते हिरवं कार्ड. मध्ये तांबडी रेघ. कुणाचं रे?"

त्याचे कान लाल झाले. "आमच्या चुलत्याचं. मास्तरणीला घेऊन पळाला तो. माझ्या आईने त्याची ओळ गाण्यातून काढून टाकली." मग दाढी खाजवत म्हणाला, "म्हणजे ती बाई त्यालाही मोजून गेली म्हण की."

रविवारी बोये वाळले, म्हणजे जवळजवळ वाळले. सोमवारी पहाट फुटली तशा अकरा होड्या बंदरात इंजिनं सुरू करून उभ्या राहिल्या. ज्याच्यासाठी बेट थांबतं, त्याची होडी पहिली सुटते. रोवेनाचे दोन्ही हात कोपरापर्यंत जांभळे होते. ती सुटली. बंदराच्या तोंडाशी तिने पहिला पिंजरा ढकलला, दोर सरसरत गेला, बोया बुडाला. गेलाच की काय! आईने माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशीही वळ होता. मग उसळून तो वर आला, हलला, सरळ झाला.

"मला दिसत नाहीये," आई म्हणाली. "डोळ्यांत पाणी आहे. लॉर्ना, कसा दिसतोय?"

मी सांगणार तोच धक्क्यावर दोरीवर उड्या मारणाऱ्या पोरी आपल्या त्या ओळीपाशी पोचल्या, आणि सवयीने हंऽहं करू लागल्या.

आई गर्रकन वळली. "ए! थांबा! इकडे या सगळ्या. नीट शिका आता," आणि ब्याऐंशी वर्षांच्या गळ्याने, सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी म्हणाली:

जांभळी पट्टी एमसची, दुरूनच कळते!

"कळते गं बाई, कळते!" होडीतून एल्ब्रिज ओरडला. "आता आम्हाला जाऊ दे की नाही?"

"मग जा ना," आईने डोळे पुसत हात उडवला. "बघत काय बसलात? भरती चाललीय!"